लोहाची गोळी की पहिली पंगत?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी अजूनही बायका शेवटी जेवतात. लेकीला सारखा थकवा येतो, रक्त कमी निघालं. उपाय दोन: शाळेत मिळणारी निळी गोळी, नाहीतर घरची जेवायची रीत बदलणं.

गोळीचं काम सरळ. आठवड्याला एक, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि सोबत फॉलिक अ‍ॅसिड. उपाशीपोटी मळमळतं म्हणून जेवणानंतर घ्यायची, वर लगेच चहा नको. रक्त फारच कमी असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेच औषध.

रीत बदलणं जड जातं, पण मला तेच जास्त मोलाचं वाटतं. परवा जाऊबाई पानावर बसल्या तेव्हा मेथीच्या कढईत तेल आणि दोन मिरच्या उरल्या होत्या. मटकीची उसळ तर आधीच संपलेली. त्यांनी ताकाशी पोळी खाल्ली आणि उठल्या. अशा ताटावर एकटी गोळी किती पुरणार? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गुजरातेतल्या 15 ते 49 वयाच्या 65 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला.

सासूबाई म्हणतात, "पूर्वापार असंच चालत आलंय." पण याच बडोदा संस्थानात 1906 साली सयाजीराव महाराजांनी मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, तेव्हाही पूर्वापार काही वेगळंच होतं.

गोळी चालूच आहे. कालपासून लेकीचं आणि जाऊबाईंचं पान पहिल्या पंगतीत मांडते, उसळीवर लिंबू पिळून.