पदव्युत्तर विद्यार्थ्याची तक्रार: चर्चा की लेखी अर्ज?

मार्गदर्शकाशी मतभेद झालेल्या एका संशोधक विद्यार्थिनीपुढे प्रश्न आहे की विभागप्रमुखांशी बोलावे की तक्रार निवारण समितीकडे लेखी अर्ज करावा. वेळेच्या दृष्टीने चर्चा सरस ठरते. नोंदीच्या बाबतीत मात्र उलट आहे: तोंडी आश्वासन पुढे कोणी नाकारले तर हाती काहीच उरत नाही, आणि लेखी अर्जावर समितीने दोन्ही बाजू ऐकून कारणांसह निर्णय देणे अपेक्षित असते, ज्यावर बहुधा अपीलही करता येते. अर्जाला मुदत असू शकते आणि चर्चा चालू आहे म्हणून ती आपोआप वाढत नाही, ही मेख नियमावलीत आधीच तपासावी. गुप्तता दोन्हीकडे मर्यादितच. शोधनिबंधातील नावांचा क्रम किंवा भेटींचे वेळापत्रक एवढाच वाद असल्यास चर्चा पुरेशी आहे. छळ किंवा सूडबुद्धीने दिलेले गुण असतील तर लेखी अर्जच करावा.