कॅमेरे आमचे, अकाउंट कंत्राटदाराचं

आमच्या संस्थेचं एक मुख्य ऑफिस आणि दोन गोदामं. तिन्हीकडचे कॅमेरे आणि दरवाजे ऑफिसात बसून सांभाळता यावेत म्हणून डिझाइनपासून बसवण्यापर्यंतचं सगळं काम एका कंत्राटदाराला दिलं. त्याने आम्हाला पद्धतशीर फसवलं. कसं, ते तपशिलात लिहितोय, कारण असंच कोटेशन आज आणखी कुणाच्या तरी टेबलावर पडलेलं असणार.

कोटेशनमध्ये होतं: मोठ्या गोदामात १६ कॅमेरे, स्पष्ट चित्र, ३० दिवसांचं रेकॉर्डिंग. आता हिशेब बघा. एका कॅमेऱ्याला सेकंदाला ४ मेगाबिट धरले तर दिवसाचे ४३ जीबी होतात. १६ कॅमेऱ्यांचे जवळपास ६९० जीबी आणि ३० दिवसांचे २० टीबीच्या वर. रेकॉर्डरमध्ये हार्ड डिस्क बसवली होती ४ टीबीची, म्हणजे सहा दिवसांनाही न पुरणारी. जुनं रेकॉर्डिंग दिसत नाही म्हणून आम्ही फोन केला, तर म्हणाला, "सेटिंग आहे साहेब, इथूनच करून देतो." आणि खरंच महिनाभराचं दिसायला लागलं!

त्याने काय केलं होतं ते चोरी झाल्यावर कळलं. आम्हाला न सांगता त्याने प्रत्येक कॅमेऱ्याचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला साठवला जाणारा डेटा, उतरवून पाचव्या हिश्शावर आणला होता. दिवसा काही जाणवायचं नाही. पण रात्री माल भरून गेटबाहेर पडलेला टेम्पो रेकॉर्डिंगमध्ये दिसतो आणि नंबरप्लेटच्या जागी नुसता पांढरट चौकोन. पोलिसांनी कितीही झूम केलं तरी त्यातून एक आकडा वाचता आला नाही. ज्या क्षणासाठी एवढा खर्च केला, नेमक्या त्याच क्षणी आमच्या तोंडाला पानं पुसली गेली. याचा संताप अजून गेलेला नाही.

मग दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावून सगळं तपासून घेतलं. मागच्या दाराच्या बाहेर कार्ड रीडर होता. त्याने खालचा स्क्रू काढला, डबी भिंतीवरून सोडवली, मागच्या तारांच्या जुडग्यातल्या दोन तारा निवडून एकमेकींना टेकवल्या. खट् आवाज झाला आणि दार उघडलं. ना कार्ड, ना पासवर्ड. लॉगमध्ये नोंद पडली ती 'आतून बटण दाबलं' अशी. कोटेशनमध्ये वेगळा कंट्रोलर (कार्ड तपासून दार उघडणारं यंत्र) दाखवला होता, त्याचे पैसेही घेतले होते. प्रत्यक्षात रीडर आणि कंट्रोलर एकाच डबीत, आणि ती डबी दाराबाहेर. रीडर बाहेर आणि कंट्रोलर आत, कुलूपबंद पेटीत, हा या कामातला अगदी प्राथमिक नियम आहे. कार्डंही 'एन्क्रिप्टेड' म्हणून विकलेली. निघाली जुनी १२५ किलोहर्ट्झची, ज्यांची नक्कल लहानशा यंत्राने काही सेकंदांत होते.

'सुरक्षित रिमोट कनेक्शन'चीही तीच गत. व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरची खासगी, सुरक्षित वाट, नाहीच. राउटरवर ८० आणि ५५४ हे पोर्ट (बाहेरून आत येण्याच्या वाटा) सरळ उघडून रेकॉर्डर इंटरनेटवर ठेवलेला, तिन्हीकडे एकच पासवर्ड, आणि कॅमेरे व हिशेबाचे कॉम्प्युटर एकाच नेटवर्कवर. २०१६ साली 'मिराई' नावाच्या व्हायरसने कंपनीने दिलेले मूळ पासवर्ड न बदललेले असेच कॅमेरे आणि रेकॉर्डर जगभर ताब्यात घेतले होते. त्यानंतरही कुणी असं काम करून देत असेल तर त्याला निष्काळजीपणा म्हणायला मी तयार नाही.

पण खरी मेख पुढेच होती. सगळी यंत्रं त्याने स्वतःच्या ईमेलवर नोंदवली होती. आमच्याकडे फक्त 'शेअर' केलेला प्रवेश. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं कार्ड बंद करायचं तरी त्याला फोन करावा लागे, आणि तो म्हणे, आधी एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) रिन्यू करा. इंटरनेट तोडूनही उपयोग नव्हता, कारण कार्डांची यादी कंट्रोलरच्या आतच साठवलेली असते. ते जुनं कार्ड चालूच राहिलं. उत्पादक कंपनीला लिहिलं तर त्यांनी सिरियल नंबर असलेलं खरेदीचं बिल मागितलं. आमच्या बिलावर सिरियल नंबर त्याने घातलेच नव्हते. शेवटी प्रत्येक कंट्रोलर फॅक्टरी रीसेट करून सगळी कार्डं नव्याने नोंदवावी लागली.

असा मुख्य प्रवेश एकाच ठिकाणी एकवटला की काय होतं हे मार्च २०२१ मध्ये दिसलं होतं. वर्काडा या अमेरिकी कंपनीचं एक सुपर अॅडमिन अकाउंट हॅकरांच्या हाती लागलं आणि रुग्णालयं, शाळा, तुरुंग अशा ठिकाणचे सुमारे दीड लाख कॅमेरे त्यांच्यासमोर उघडे पडले.

नवीन करारात आम्ही लिहून घेतलंय की मालकाचं अकाउंट संस्थेच्या ईमेलवर राहील आणि कंत्राटदाराला आम्ही देऊ तेवढाच, काढून घेता येईल असा प्रवेश मिळेल. बिलावर प्रत्येक यंत्राचा सिरियल नंबर हवा. शेवटचा हप्ता आमच्यासमोर तपासणी झाल्यावरच: सर्वांत जुन्या दिवसाचं रात्रीचं रेकॉर्डिंग उघडून नंबरप्लेट वाचायची, एक कार्ड रद्द करून ते प्रत्येक दारावर लावून बघायचं, आणि आगीचा अलार्म वाजवून बाहेर पडायचे दरवाजे सुटतात का ते पाहायचं. ही शेवटची चाचणी तर कुणीच टाळू नये, माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे.

तुमच्याकडे अशी यंत्रणा असेल तर आजच मोबाइलवरचं अॅप उघडा. रेकॉर्डरच्या नावाखाली 'शेअर केलेलं' असं दिसत असेल, तर एएमसीचा पुढचा हप्ता देण्याआधी मालकी लेखी मागून तुमच्या नावावर करून घ्या.