हाताला उजेड हवा: सांगलीतली साइन नाटकाची कार्यशाळा

विश्रामबागेत एका शाळेच्या हॉलमध्ये शनिवार-रविवार साइन लँग्वेजमधल्या, म्हणजे कर्णबधिरांच्या खुणांच्या भाषेतल्या, अभिनयाची कार्यशाळा झाली. शिकवायला एक कर्णबधिर नट पुण्याहून आले होते, सोबत दुभाषी मॅडम. फी १२०० रुपये, कर्णबधिरांना निम्मी. मी हौशी संघांच्या नाटकांना लाइट करतो. माझी धाकटी बहीण जन्मापासून कर्णबधिर आहे, तिच्यासोबत गेलो. परत आल्यापासून संघातली मंडळी विचारतायत, कसं होतं, पैसे वसूल झाले का. झाले. पुढच्या वेळी नाटकातल्या प्रत्येक माणसानं जावं, असं मला मनापासून वाटतं. का, ते सांगतो.

सुरुवात नावांपासून झाली. कर्णबधिर मंडळी एकमेकांना खुणेचं नाव देतात, दरवेळी अक्षरं जुळवत बसत नाहीत. सरांचं नाव म्हणजे भुवईवरून फिरवलेलं बोट, म्हणून आम्ही बोलणारे लोक त्यांना भुवईसर म्हणू लागलो. मला डिमरचं, म्हणजे उजेड कमीजास्त करायचं, बटण वर सरकवण्याची खूण मिळाली. बहिणीला तिचं जुनंच नाव राहिलं, मिरजेच्या मैत्रिणींनी दिलेलं.

मग सरांनी बर्नार्ड ब्रॅगची गोष्ट सांगितली. सांगितली म्हणजे उभी केली. १९२८ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जन्म, आईवडील दोघंही कर्णबधिर, वडिलांना नाटकाचं वेड. म्हणजे घरात साइन आणि नाटक दोन्ही लहानपणापासून. पुढे कॅलिफोर्नियात बर्कलीच्या कर्णबधिरांच्या शाळेत मास्तर झाले. १९५६ साली मूकाभिनयाचा बादशहा मार्सेल मार्सो याचा प्रयोग पाहिला आणि त्याच्याकडे शिकायला थेट पॅरिस गाठलं. सर हे सांगताना एकदा मार्सो व्हायचे, एकदा समोर बसलेला ब्रॅग. कोण कधी झाले, हे विचारावं लागत नव्हतं.

१९६७ साली अमेरिकेत नॅशनल थिएटर ऑफ द डेफ उभं राहिलं, त्याच्या संस्थापकांत ब्रॅग होते. त्यांच्या बरोबरीनं दुसरं नाव येतं डेव्हिड हेज यांचं, आणि हा माणूस ब्रॉडवेचा, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीचा, नेपथ्यकार आणि प्रकाशयोजनाकार! हे कळल्यावर मी खुर्चीत सरसावून बसलो. कर्णबधिरांच्या नाटकाच्या पायाभरणीला लाइटवाला असणं मला अगदी पटतं. त्या संघानं रंगमंचावर दोन्ही भाषा एकत्र आणल्या. कर्णबधिर नट साइन करणार, बोलणारा नट तिथेच त्या भूमिकेची वाक्यं म्हणणार. प्रेक्षक कुठलाही असो, प्रयोग एकच.

इथे मला आपले विष्णुदास भावे आठवले. १८४३ साली याच सांगलीत 'सीतास्वयंवर' झालं, तेव्हा पदं सूत्रधार म्हणायचा आणि पात्रं त्या पदांवर अभिनय करायची. आवाज एकाचा, अंग दुसऱ्याचं. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन आपण दरवर्षी थाटात साजरा करतो, नाट्यपंढरी म्हणून मिरवतो. ज्या गावात मराठी नाटकाची सुरुवातच अशा विभागणीनं झाली, तिथे एक नट साइन करतोय आणि दुसरा त्याचा आवाज झालाय, हे परकं वाटायचं काहीच कारण नाही. चहाच्या सुट्टीत मॅडमच्या मदतीनं सरांना हे सांगितलं. त्यांना भावे माहीत होते, सूत्रधाराची ही रीत नव्हती. दुपारच्या सत्रात त्यांनी लगेच एकाला सूत्रधार करून बाजूला उभं केलं.

कार्यशाळेचा गाभा होता तो 'व्हिज्युअल व्हर्नाक्युलर' हा प्रकार, आणि हे नाव ब्रॅगचंच. एकटा नट, जागा न सोडता, सिनेमाच्या कॅमेऱ्यासारखं सगळं दाखवतो. लाँग शॉट, क्लोजअप, कट, पुन्हा लाँग शॉट. आधी मला वाटलं, माइमच की हे. सरांनी फरक करून दाखवला. माइमवाला भिंत चाचपतो, तेव्हा तो भिंतीपुढचा माणूसच असतो. इथे नट भिंत होतो, माणूस होतो, भिंतीवरून चालणारी पाल होतो आणि वरून पाहणारी घारही. लांबी-रुंदी, अंतर, वेग, कोण कुणाकडे बघतंय, हे साइनच्या व्याकरणात मुळातच असतं, त्यावरच हा प्रकार उभा आहे.

मिरजेच्या एका कर्णबधिर तरुणानं २०१९ चा पूर केला. दोन्ही हातांनी आधी कृष्णा, शांत. मग तळवे रुंदावत गेले. कट. आयर्विन पुलाची कमान, तिच्याखालचं अंतर बोटाबोटानं कमी होत जाणारं. कट. पत्र्याच्या कडेला घट्ट धरलेली मूठ, एवढीच. मग तो बोटीत होता आणि लांब छतावरचा माणूस त्याच्या तर्जनीएवढा होता. पुढच्या क्षणी तो छतावर, आणि बोट तळहाताएवढी. बोट पुढे निघून गेली. चेहऱ्यावर त्यानं काहीही नाट्यमय केलं नाही, डोळे तेवढे बोटीच्या मागे गेले. आमच्या ओळीतल्या सगळ्यांनी तो पूर पाहिलेला. हॉलमध्ये कुणी हललं नाही. मग कर्णबधिर मंडळींनी हात वर करून हलवत टाळ्या दिल्या, तशा आम्हीही दिल्या.

आता माझ्या धंद्याचं. साइन नाटकाला प्रकाश देणं मला येतं असं मी समजत होतो, पण ही विद्याच वेगळी आहे. आपण लाइटवाले अंधाराचे शौकीन. भावूक प्रसंग आला की पुढचे स्पॉट खाली, मागून निळा, नटाची नुसती आकृती. साइनच्या नाटकात अशा वेळी नट मुका होतो. बॅकलाइटमध्ये हात काळे दिसतात, भुवया दिसत नाहीत, आणि प्रश्नार्थक वाक्याचा अर्धा अर्थ भुवयांत असतो. समोरून, दोन्ही बाजूंनी, कमरेपासून डोक्याच्या वर हात पोचेल तिथपर्यंत सावली न पाडणारा सारखा उजेड हवा. दिव्यापुढे लाल जिलेटीनचा कागद लावला की बोटं एकमेकांत मिसळतात. संवाद चालू असताना ब्लॅकआउट म्हणजे नटाच्या तोंडावर हात ठेवणं. दोन पात्रांच्या जागाही अशा हव्यात की हात प्रेक्षकांना दिसतील आणि समोरच्या नटालाही. विंगेतून वाक्यं पुरवणारा प्रॉम्प्टर इथे निकामी. कर्णबधिर नटाला क्यू, म्हणजे सुरू करायची खूण, नजरेनं द्यायचा किंवा लाइटनं. म्हणजे लाइटवाला या नाटकात तालमीपासून पात्रांइतकाच बांधलेला. इतकी जबाबदारी कुणी आमच्यावर टाकत नाही, मला ती हवीहवीशी वाटली.

याच कारणासाठी हॉलबद्दल माझी तक्रार आहे. सर ज्या भिंतीपुढे उभे राहायचे तिथेच मोठी खिडकी, पाठीमागून ऊन. सकाळभर मागच्या रांगेला त्यांचे हात नीट दिसलेच नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मी आणि दोन मुलांनी काळा कपडा लावला, तेव्हा चित्र स्पष्ट झालं. एक ट्यूब लुकलुकत होती, तीही काढायला लावली. आयोजकांनी हॉल ठरवताना एकदा सकाळी जाऊन उजेड बघावा, एवढंच मागणं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. दुभाषी एकच होत्या. सलग साइन वाचून बोलणं आणि ऐकून साइन करणं हे फार थकवणारं काम, म्हणून लांब कार्यक्रमाला दोघं असतात आणि थोड्या थोड्या वेळानं आलटून पालटून काम करतात. दुपारी चारनंतर मॅडम दमलेल्या दिसत होत्या, आणि प्रश्नोत्तरं तर त्याच वेळी होती. फी दोनशेनं वाढवा, पण दुसरा दुभाषी आणा. जेवण साधं होतं, पिठलं-भाकरी, आणि चहाबरोबर भडंग. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

बहिणीबद्दल लिहायला हवं. तिच्या शाळेत हात मांडीखाली घेऊन बसवायचे. बोलायला शिक, ओठ वाच, खुणा नकोत. सरांनी सांगितलं, १८८० साली मिलानच्या परिषदेत शिक्षकांनी ठराव करून शाळांमधून साइन हद्दपार केली, त्याचे परिणाम जगभर पोचले. १९६७ साली ब्रॅग यांचा संघ अमेरिकेत टीव्हीवर येणार होता, तेव्हाही बोलण्याच्या शिक्षणाचा आग्रह धरणाऱ्या संघटनेनं विरोध नोंदवला. तरी कार्यक्रम झाला. दहा वर्षांनी, १९७७ साली, त्या संघाला ब्रॉडवेचा मानाचा टोनी पुरस्कार खास म्हणून मिळाला. बहिणीनं हे सगळं पापणी न हलवता पाहिलं. आपल्या हातांना मारायचे त्यामागे एवढा मोठा इतिहास होता, हे तिला चाळिशीत कळलं. ती चिडली. रात्री घरी बराच वेळ आईशी भांडली, आणि मला ते भांडण योग्य वाटलं.

आपल्याकडे आता भारतीय साइन लँग्वेजसाठी दिल्लीत २०१५ पासून केंद्रीय संस्था आहे, तिचा १०,००० शब्दांचा कोश २०२१ साली आला. कोश हवाच. पण शब्द पाठ करून नाटक होत नाही, जशी मोल्सवर्थचा मराठी शब्दकोश वाचून कुणाला खाडिलकरांची भाषा येत नाही. त्यासाठी ज्यांची ती भाषा आहे असा नट समोर हवा. ब्रॅग २०१८ साली नव्वदीत गेले. त्यांनी पाडलेली वाट विश्रामबागेपर्यंत आली ती अशाच एका नटामुळे.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे म्हणतात. जाणाऱ्यांनी आपल्या कातडीच्या रंगाहून वेगळा, गडद, बिननक्षीचा शर्ट किंवा कुर्ता घालावा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ घरी ठेवावं. लाइटवाल्यांनी शेवटपर्यंत थांबावं, कारण क्यूचं सत्र रविवारी सगळ्यात शेवटी असतं आणि तोवर निम्मे लोक एसटी पकडायला निघालेले असतात.