काम सोपवताना: लिहून द्यावं की शेजारी बसून शिकवावं?

टीममधल्या कुणाकडे नवं काम द्यायचं म्हटलं की दोन रस्ते दिसतात. एक तर सगळ्या पायऱ्या लिहून काढायच्या, डॉक्युमेंट पाठवायचं आणि 'अडलं तर विचार' म्हणायचं. नाहीतर त्याला शेजारी बसवून करून दाखवायचं आणि मग त्याच्याकडून करवून घ्यायचं. मी दोन्ही वापरले आहेत. हल्ली सुरुवात दुसऱ्यापासून करतो, पण म्हणून पहिला टाकाऊ ठरत नाही.

बरेच जण एकदम रुजू होणार असतील किंवा काम वर्षातून एकदाच येत असेल, तर लिहून ठेवण्याला पर्याय नाही. माणूस सोडून गेला तरी काम अडत नाही आणि शिकवणाऱ्याचा वेळ वाचतो. निदान सुरुवातीला तरी.

मला खटकलं ते त्यानंतरचं. काम वेळेत व्हायचं, पण 'सर, एकदा बघून घ्याल का?' म्हणत पुन्हा माझ्याकडेच यायचं. महिनाअखेरच्या बँक जुळणीचंच घ्या. डॉक्युमेंटमध्ये पायरी होती: 'बँकेचं स्टेटमेंट आणि आपल्या नोंदी जुळवा.' जुळलं तर प्रश्नच नाही. फरक आला तर? दिलेला चेक अजून वटला नसेल तर नुसतं थांबायचं असतं. बँकेने शुल्क कापलं असेल तर आपल्याकडे नोंद घालायची असते. एकच पेमेंट दोनदा चढलं असेल तर दुरुस्ती करायची असते. मी हे सगळं लिहिलं, डॉक्युमेंट लांबत गेलं, तरी 'बघून घ्याल का' काही थांबलं नाही. कारण समोरचा फरक यातला नेमका कोणता, हे ओळखायची नजर वाचून येत नव्हती. काम त्याच्याकडे आणि निर्णय माझ्याकडे, याला सोपवणं कसं म्हणायचं? मला जास्त वाईट वाटायचं ते त्या माणसासाठी. इतके महिने तेच काम करूनही त्याला स्वतःच्या उत्तराचा भरवसा नव्हता.

शेजारी बसलं की वेगळंच दिसतं. एखाद्या रकमेवर त्याचा माउस थांबतो आणि अडलंय कुठे ते तिथल्या तिथे कळतं. मी तेव्हा उत्तर देत नाही. 'तुला काय वाटतं, आणि का?' एवढंच विचारतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' हा कार्यक्रम राबवला गेला. त्यातल्या चार पायऱ्या मला आजही पुरतात: शिकणाऱ्याची तयारी, करून दाखवणं, करवून घेणं आणि मग हळूहळू कमी होत जाणारी देखरेख. तिसऱ्या पायरीत शिकणाऱ्याने काम करता करता त्यातले कळीचे मुद्दे स्वतःच्या तोंडाने सांगायचे असतात. घाईत नेमकं हेच गळतं.

चेकलिस्टच्या, म्हणजे पायऱ्या लिहून देण्याच्या, बाजूने नेहमी विमानांचा दाखला दिला जातो, तो रास्तच आहे. 1935 मध्ये बोइंगचं मॉडेल 299 चाचणीच्या उड्डाणातच कोसळलं, कारण विमान जमिनीवर उभं असताना त्याची नियंत्रणं हलू नयेत म्हणून लावलेलं कुलूप काढायचं राहून गेलं होतं. त्यातून वैमानिकांसाठी चेकलिस्ट रूढ झाल्या. पण त्या ज्यांना विमान चालवता येत होतं त्यांच्यासाठी होत्या, विमान चालवायला शिकवण्यासाठी नव्हत्या.

शेजारी बसण्याचा भार मात्र हलका समजू नका. पहिले काही आठवडे तुमची स्वतःची कामं मागे पडतात. तुमच्या आडवळणाच्या सवयीही समोरचा जशाच्या तशा उचलतो. काहींना कुणी बाजूला बसलं की दडपण येतं. त्यांना आधी एकट्याने करू द्यावं आणि मग सोबत तपासावं. शिवाय टीम वेगवेगळ्या ठिकाणी बसत असेल तर हे स्क्रीन शेअर करून करावं लागतं. त्यात निम्मी मजा जाते, पण काम भागतं.

तुमच्याकडे आठवडाभरही उसंत नसेल तर डॉक्युमेंटच द्या, त्यात कमीपणा नाही. पण काम दर महिन्याचं असेल आणि त्यात ठरवण्यासारखं काही असेल, तर मी शेजारी बसेन. डॉक्युमेंट नंतर त्यालाच लिहायला सांगतो. त्यात माझी एकच ओळ असते: किती रकमेपर्यंतचा फरक त्याने मला न विचारता निकालात काढायचा.