कॅल्सिन्युरिन की एमटॉर: टी-पेशीला कुठे अडवायचं?

मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून दिली जाणारी दोन औषधं, टॅक्रोलिमस आणि सिरोलिमस, टी-पेशीत (परक्या अवयवावर हल्ला करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीत) शिरून एकाच प्रथिनाला, एफकेबीपी-१२ ला, चिकटतात. पुढे मात्र वाटा फुटतात.

टॅक्रोलिमस कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम रोखतं. त्यामुळे एनफॅट या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनावरचे फॉस्फेट निघत नाहीत, एनफॅट केंद्रकात पोचत नाही आणि इंटरल्युकिन-२ (टी-पेशींना वाढायला सांगणारं निरोप्या प्रथिन) तयार होण्याचा हुकूमच सुटत नाही. पेशी जागीच होत नाही. सिरोलिमस त्यापुढच्या टप्प्यावर एमटॉरला, पेशीची वाढ चालवणाऱ्या एन्झाइमला, गाठतं: इंटरल्युकिन-२ चा निरोप येतो, पण पेशी वाढून विभागत नाही.

मला खरा मोलाचा वाटतो तो जगण्या-मरण्यातला फरक. वारंवार उत्तेजित झालेल्या टी-पेशी एरवी स्वतःहून मरतात. कॅल्सिन्युरिन बंद केलं की हा मृत्यूही टळतो, म्हणजे हल्लेखोर पेशी शिल्लक राहतात. सिरोलिमस त्याला आडवं येत नाही, शिवाय नियामक, म्हणजे हल्ला आवरणाऱ्या, टी-पेशींनाही बऱ्यापैकी सांभाळतं.

तरी सुरुवातीला टॅक्रोलिमसच बरं, असं माझं मत. सिरोलिमसने जखम भरायला वेळ लागतो, आणि शस्त्रक्रिया ताजी असताना ते परवडत नाही. उलट टॅक्रोलिमस मूत्रपिंडालाच इजा करू शकतं, म्हणून काही रुग्णांना डॉक्टर नंतर सिरोलिमसवर आणतात.