हौशी गुप्तहेर: डबेवाला की धोबी?

मुंबईतल्या रहस्यकथेसाठी डबेवाला पटकन सुचतो. झाकणावरच्या खुणेत पोहोचवायचा भाग, इमारत, मजला सगळं असतं, त्यामुळे कोण कुठे बसतं हे त्याला तोंडपाठ. वेळाही ठरलेल्या. साडेबाराला भरलेला डबा टेबलावर ठेवला आणि दीडला तो तसाच परत मिळाला, की खुनाची वेळ तासाभरात बसते. डब्यात विष घातलं तर संशयितांची रांगच लागते, कारण वाटेत तो अनेक हातांतून जातो. अडचण अशी की चौकशीला त्याला फुरसत नाही. दुपारी बारा वाजता जिन्यात जबाब घेत उभा राहिलेला डबेवाला वाचकाला पटायचा नाही.

महालक्ष्मीच्या घाटावरचा धोबी मात्र मुद्देमाल दोन-तीन दिवस बाळगून असतो. कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईची खूण असते, म्हणजे बेवारस सदऱ्याचाही मालक सापडतो. आणि डाग! रक्त थंड पाण्यात निघतं. गरम पाण्यात त्यातली प्रथिनं गोठून धाग्याला धरतात. म्हणून बाहीवर पक्का बसलेला तपकिरी डाग दिसला, की घरी कुणीतरी घाईत गरम पाणी ओतलंय हे त्याला कळतं. एवढ्या एका बाहीवर अख्खं प्रकरण उभं राहतं. फक्त भट्टीत जाण्याआधी कपडा बाजूला काढायला हवा, नाहीतर पुरावाच धुतला जातो. लेखक नेमके इथेच घसरतात.

लघुकथेला डबेवाला चालेल. कादंबरीला धोबीच घ्यावा.