ॲक्सेसिबिलिटी विजेट बसवावं की पानं स्वतः दुरुस्त करावीत?

आपली वेबसाइट दिव्यांगांसकट सगळ्यांना वापरता यावी असं मनात आलं की दोन वाटा दिसतात. एकतर तयार विजेटची स्क्रिप्ट चिकटवायची, म्हणजे कोपऱ्यात गोल बटण येतं. नाहीतर पानाचा एचटीएमएल कोड उघडून एकेक चूक काढत बसायचं. मी दोन्ही करून पाहिलं.

विजेट पाच मिनिटांत बसलं. अक्षरं मोठी होत होती, रंग उलटत होते, मलाही बरं वाटलं. मग एकदा माउस बाजूला ठेवला, एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) सुरू केला आणि नुसत्या कीबोर्डवर स्वतःचीच साइट वाचायला घेतली. टॅब दाबला की प्रत्येक पानावर आधी तेच बटण. एंटर दाबलं की पॅनेल उघडायचं आणि फोकस, म्हणजे कीबोर्डने आपण पानावर जिथे आहोत ती जागा, आतल्या आत फिरत राहायचा. एस्केप दाबूनही सुटका नाही. पान रीलोड केलं की पुन्हा पहिल्या टॅबला बटण हजर. मी निदान माउस हातात घेऊ शकलो. ज्याला स्क्रीन दिसतच नाही, त्याने लेखापर्यंत पोचायचं कसं? शिवाय आवाज, वेग, झूम हे सगळं त्याने आपल्या यंत्रावर आधीच लावून ठेवलेलं असतं. त्याला माझ्याकडून हवं असतं ते नीट मांडलेलं पान.

सगळीच विजेटं अशी वागत असतील असं मी म्हणणार नाही. माझं मात्र तिथेच ठरलं.

हाताने दुरुस्ती करायला तीन संध्याकाळी लागल्या. मोठ्या ठळक अक्षरांना मी शीर्षक समजत होतो, तिथे खरे हेडिंग टॅग घातले. थीमने फोकसची चौकट लपवली होती, ती परत आणली. फिकट करडा मजकूर तपासला तर पांढऱ्यावर त्याचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.८५:१ भरला, डब्ल्यूसीएजी या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीला नेहमीच्या आकाराच्या मजकुरासाठी किमान ४.५:१ लागतो. सगळ्यात लाज वाटली ती लँग ॲट्रिब्यूटची, म्हणजे पान कुठल्या भाषेत आहे हे सांगणाऱ्या कोडमधल्या नोंदीची. मजकूर मराठी आणि पानाची भाषा इंग्रजी नोंदवलेली! स्क्रीन रीडर माझं मराठी इंग्रजी आवाजात वाचायला बघत होता. एका शब्दाचा बदल, पण विजेट असताना तो तसाच राहिला होता.

वेळ खाल्ला तो चित्रांच्या वर्णनांनी. आजीच्या हस्ताक्षरातल्या पत्राला विजेटने ‘कागद, मजकूर’ असं नाव दिलं होतं. ते पत्र तिथे का लावलंय हे मलाच लिहावं लागलं.

ज्यांना कोडला हातच लावता येत नाही, त्यांची अडचण खरी आहे. तरी मी त्यांना विजेटपेक्षा चांगली थीम शोधायला सांगेन. माझ्या व्हिडिओंना कॅप्शन देणं अजून बाकी आहे, या आठवड्यात त्याला बसतोय.